पिकअपमध्ये काय बदलायचं आणि काय कंपनीने दिलंय तसंच ठेवायचं

पिकअप घेतल्यावर पहिल्याच महिन्यात मी मागच्या कमानींचे पाटे बदलून भारी पाटे टाकले. हौद्यात कायम ३०० किलो असतील, या हिशेबाने ते बनवलेले होते. माझा हौदा मात्र आठवड्यातले पाच दिवस रिकामा असायचा. रिकामी गाडी खड्ड्यावरून गेली की मागचा भाग उसळायचा, आणि ओल्या रस्त्यावर वळण घेताना मागची चाकं हलकी पडल्याचं स्टिअरिंगवरच्या हातांना कळायचं. पाटे चांगलेच होते, पण ते माझ्या कामाचे नव्हते. आठ महिन्यांनी मूळचे पाटे परत बसवले तेव्हा गाडी पुन्हा रस्ता धरून चालायला लागली.

तेव्हापासून कुठलाही बदल करण्याआधी मी दोन खिसे तपासतो. एक पैशांचा, दुसरा किलोंचा. पैशांचा खिसा पुन्हा भरतो. किलोंचा खिसा कारखान्याने एकदाच भरून दिलेला असतो, आणि गाडीवर चढवलेली प्रत्येक वस्तू त्यातूनच जाते. इथलं सगळं मार्गदर्शन या दुसऱ्या खिशाभोवती आहे, कारण दुकानात त्याबद्दल कुणी बोलत नाही.

आधी वही, मग पाना

नवी गाडी निदान पाच-सहा हजार किलोमीटर आहे तशी चालवा. गाडीत एक छोटी वही ठेवा आणि ज्या दिवशी गाडी खरोखर अडली त्या दिवशी लिहा: हौद्यात काय होतं, माणसं किती होती, रस्ता कसला होता, नेमकं काय झालं. ‘समोरून जरा बसकी दिसते’ याची नोंद करायची नाही. ‘चिखलात मागचं डावं चाक नुसतं फिरत राहिलं’ याची करायची.

नोंद नेमकी असेल तर उपायही नेमका सापडतो. समजा वहीत ‘गाडी खाली घासली’ असं चार वेळा आलं. पण कुठे घासली? इंजिनाखाली घासली असेल तर जाड पत्र्याचं संरक्षण, म्हणजे बॅश प्लेट, पुरेल. मागे घासली असेल तर बहुतेक वेळा खाली लोंबणारा टोइंगचा हुक हे कारण असतं. गरज नसेल तेव्हा तो काढून ठेवणं फुकटात होतं. दोन्ही चाकांच्या मधोमध पोट टेकत असेल तर मात्र उंचीचा विचार रास्त आहे. गाडी फसण्याचंही तसंच. टायर गुळगुळीत होता, हवा जास्त होती, की एक चाक अधांतरी राहिल्यामुळे सगळी ताकद त्याच चाकात वाया गेली? तिसऱ्या कारणावर उपाय म्हणजे डिफरन्शिअल लॉक, म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र फिरायला लावणारी सोय. उंची वाढवून तिथे फारसं काही साधत नाही. अजून गाडी घ्यायची असेल तर ही वही जुन्या गाडीवर लिहा. हवी ती गोष्ट वरच्या मॉडेलमध्ये कंपनीकडूनच मिळत असेल तर नंतर बाहेरून बसवण्यापेक्षा तीच घेतलेली बरी, कारण ब्रेक, सेन्सर आणि वॉरंटी यांचा मेळ कारखान्यातच घातलेला असतो.

गाडी वापरलेली असेल तर आणखी एक काम. तिला आधी खरोखर ‘स्टॉक’, म्हणजे कंपनीने दिली होती तशी, करा. बसलेले पाटे, गळणारे शॉकअॅब्सॉर्बर, चिरलेले रबरी बुश, बिघडलेलं अलाइनमेंट हे सगळं बदलून पाहा. ‘कंपनीचं सस्पेन्शन मऊच आहे’ ही तक्रार पुष्कळदा लाखभर किलोमीटर चाललेल्या शॉकअॅब्सॉर्बरबद्दल असते.

किलोंचा जमाखर्च

दाराच्या चौकटीवरची पट्टी किंवा गाडीचं पुस्तक उघडा. त्यात दोन-तीन आकडे सापडतील: पूर्ण भरलेल्या गाडीचं कमाल वजन, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलची (चाकांच्या आसाची) वेगवेगळी मर्यादा, आणि रिकाम्या गाडीचं वजन. कमाल वजनातून रिकामं वजन वजा केलं की उरते ती तुमची भारक्षमता. रिकाम्या वजनात चालक आणि इंधन धरतात की नाही हे सगळीकडे सारखं नाही. म्हणून कागदावर विसंबू नका. टाकी भरून, एकट्याने वजनकाट्यावर जा आणि पावती वहीत चिकटवा.

आता एक उदाहरण घेऊ. कमाल वजन ३,००० किलो, रिकामी गाडी २,०५० किलो, म्हणजे हातात ९५० किलो. त्यावर हे चढवा: लोखंडी पुढचा बंपर ६०, विंच (रुतलेली गाडी दोराने ओढणारं यंत्र) ३०, हौद्यावरचं टपाचं झाकण ९०, हौद्यातले खण ६०, दुसरी बॅटरी आणि तिचा चार्जर ३०, छतावरचं कॅरिअर ३०, बाजूचे संरक्षक पाइप ४०, आणि स्टेपनी धरून पाच मोठ्या टायरांचं मिळून वाढलेलं ४०. बेरीज ३८०. सरासरी ७५ किलोची चार माणसं म्हणजे आणखी ३००. उरले २७०. ही गाडी दिसायला दणकट झाली, पण ज्या कामासाठी पिकअप घेतली त्या कामाला एक चतुर्थांशाच्या आसपास जागा राहिली. हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या वस्तूंचे आकडे त्यांच्या माहितीपत्रकात असतात, ते बघूनच बेरीज करा.

इथे सगळ्यात मोठा गैरसमज आहे तो भारी पाट्यांचा. जाड पाटे किंवा पाट्यांना आधार देणारे हवेचे फुगे बसवले की गाडीची मागची बाजू बसत नाही, त्यामुळे भारक्षमता वाढली असं वाटतं. ती वाढत नाही. चेसी, ॲक्सल, बेअरिंग, ब्रेक, टायर सगळं तेच असतं. ओझं तेवढंच राहतं, फक्त ते डोळ्यांना दिसेनासं होतं.

ओझं कुठे आहे यालाही तितकंच महत्त्व आहे. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ३.१ मीटर असलेल्या गाडीत मागच्या ॲक्सलच्या १.२ मीटर मागे २०० किलो लादले, तर तरफेच्या नियमाने मागच्या ॲक्सलवर साधारण २७७ किलो वाढतात आणि पुढच्या ॲक्सलवरून ७७ किलो कमी होतात. पुढचं कमी झालं म्हणजे स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक हलके पडले. चार दारांच्या पिकअपचा हौदा ॲक्सलच्या बराच मागेपर्यंत जातो. त्यात भरगच्च सामान, मागे ट्रेलरचा दाब आणि चेसीला मधोमध वर ढकलणारे हवेचे फुगे एकत्र आले, की खराब रस्त्यावर चेसी वाकल्याची उदाहरणं घडलेली आहेत. जड वस्तू केबिनच्या भिंतीला चिकटून ठेवणं हा या बाबतीतला सगळ्यात स्वस्त उपाय.

टायर: पहिला खर्च इथेच करा

गाडी जमिनीला स्पर्श करते ती फक्त टायरने. म्हणून वहीत कुठलीही तक्रार असली तरी मी आधी टायर बघतो. कंपनीचे टायर बहुतेक वेळा महामार्गाच्या जातीचे असतात: शांत, हलके, ॲव्हरेज चांगलं देणारे. कच्च्या वाटेवर, ओल्या गवतात, खडीवर नियमित जाणं असेल तर त्याच मापाचे ऑल-टेरेन टायर हा बहुतेकांसाठी सगळ्यात मोलाचा बदल आहे. मोठ्या गुट्ट्यांचे चिखलाचे टायर खऱ्या चिखलात उत्तम, पण रस्त्यावर ते घोंगावतात, लवकर झिजतात आणि ओल्या डांबरावर ब्रेकला कमी साथ देतात. वहीत चिखल रोज असेल तरच ते घ्या.

‘त्याच मापाचे’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले. मोठ्या मापाचा मोह कसा महाग पडतो ते गणिताने बघा. २६५/६५ आर १७ टायरचा व्यास सुमारे ७७६ मिलिमीटर. २६५/७० आर १७ चा ८०३, आणि २८५/७० आर १७ चा ८३१. पहिल्यावरून तिसऱ्यावर गेलात तर व्यास ५५ मिलिमीटर वाढतो, पण गाडी उंचावते त्याच्या निम्मी, म्हणजे २७ मिलिमीटर. त्या बदल्यात व्यास ७ टक्के वाढला म्हणून गिअरिंग तेवढंच उंच झालं. ३.७३ चा ॲक्सल रेशो (चाकाच्या एका फेरीला इंजिनाकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो तो आकडा) ३.४९ असल्यासारखा वागतो. चढाला गाडी दमते, ऑटोमॅटिक असेल तर गिअर शोधत राहते. स्पीडोमीटरवर १०० दिसताना खरा वेग आधीपेक्षा ७ टक्क्यांनी जास्त असतो. जड चाक थांबवायला ब्रेकला जास्त कष्ट पडतात, आणि पूर्ण स्टिअरिंग कापलं की टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. व्यासात तीन टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेक गाड्या निमूट पचवतात. त्यापुढे जायचं तर स्पीडोमीटर जुळवणं, गिअर रेशो, ब्रेक असे खर्च मागून येतात, आणि ते आधीच धरायला हवेत.

टायरच्या बाजूला लिहिलेला भारनिर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो, १२१ म्हणजे १,४५० किलो. जाड भिंतीच्या हलक्या-ट्रक जातीच्या टायरवर गेलात तर तेवढंच वजन पेलायला हवाही जास्त भरावी लागते. जुना आकडा तसाच चालवू नका.

रिम बाहेर काढणारे स्पेसर किंवा बाहेर झुकणारे रिम मी टाळतो. चाक बाहेर गेलं की बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या सांध्यांवर तरफेचा ताण वाढतो, आणि चिखल थेट दारांवर येतो. दिसण्यापलीकडे हातात फारसं काही पडत नाही.

टायरसोबत एक छोटा कॉम्प्रेसर आणि खात्रीचा प्रेशर गेज घ्या. वाळूत हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवली की टायर लांबट पसरतो आणि जिथे गाडी रुतली होती तिथूनच ती हळूहळू बाहेर येते. अशा हवेवर वेग अगदी कमी ठेवायचा, झटक्यात वळायचं नाही, आणि पक्क्या रस्त्यावर येताच पुन्हा हवा भरायची. एवढ्या कमी वजनात एवढा फरक पाडणारी दुसरी वस्तू मला अजून सापडलेली नाही.

बहुतेकांना फळणारे छोटे बदल

हौद्याचं अस्तर करून घ्या. फवारून बसवलेलं अस्तर पत्र्याला चिकटतं. सुट्या प्लास्टिकच्या साच्याखाली मात्र वाळू आणि पाणी साचतं, हादऱ्यांनी रंग घासला जातो आणि गंज आतल्या आत धरतो. साचाच वापरत असाल तर वर्षातून दोनदा काढून खालचा पत्रा धुवा. हौद्यावर ताडपत्रीसारखं सपाट झाकण सामानाला आणि ॲव्हरेजला थोडी मदत करतं. ॲव्हरेजसाठी फाळका उघडा ठेवून चालवणं मात्र उलटं पडतं: फाळका बंद असताना हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून राहतो आणि वरची हवा त्याच्यावरून घसरत जाते. फाळका पाडला की तो भोवरा मोडतो.

गाडी ओढून काढण्यासाठी चेसीला बोल्ट केलेले, क्षमता कोरलेले हुक पुढे-मागे असायलाच हवेत. ट्रेलरचा गोळा, म्हणजे टो-बॉल, यासाठी कधीही वापरू नका. झटक्याने ओढताना तो तुटून गोळीसारखा सुटतो आणि त्याने माणसं मेलेली आहेत. हे वाचून एकाने जरी पट्टा त्या गोळ्याला अडकवायचा थांबवला तरी माझ्या लिहिण्याचं सार्थक होईल.

पाण्यातून जाणं असेल तर आधी डिफरन्शिअल आणि गिअरबॉक्सच्या श्वासनळ्या उंचावर न्या. गरम ॲक्सल थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि नळी बुडालेली असेल तर ती पाणी ओढून घेते. तेलाचं ताक होतं. स्नॉर्केलचा, म्हणजे इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणाऱ्या नळीचा, विचार त्यानंतर करा. त्याने इंजिनाच्या तोंडात पाणी जाणं टळतं, तेही सगळे सांधे खरोखर बंद असले तर. गाडी किती खोल पाण्यात जाऊ शकते हे इतर इलेक्ट्रिकल भागही ठरवतात, म्हणून पुस्तकातली मर्यादा स्नॉर्केलनंतरही तीच धरायची.

सीट कव्हर घेताना बघा: सीटच्या बाजूत एअरबॅग असेल तर तिथे उसवणारी शिवण असलेलंच कव्हर हवं.

उंची वाढवण्याआधी

लिफ्टबद्दल मी कडक आहे. ती वाईट असते म्हणून नाही, तर तिच्यामुळे कारखान्याने जुळवलेल्या सगळ्यात जास्त गोष्टी एकदम हलतात.

पहिली गोष्ट, मागचा ॲक्सल एकसंध असेल तर सस्पेन्शनची लिफ्ट त्याच्या मधला डिफरन्शिअलचा गोळा एक मिलिमीटरही वर नेत नाही. तो फक्त मोठ्या टायरने वर जातो. लिफ्टने उंचावतं ते पोट, बंपर आणि प्रवेशाचा कोन. वहीत नेमकी हीच तक्रार असेल तर पुढे वाचा.

साधारण ५० मिलिमीटरपर्यंत, चांगल्या स्प्रिंग आणि त्यांच्याशी जुळणारे शॉकअॅब्सॉर्बर घेऊन, बहुतेक पिकअप ठीक राहतात. त्यापुढे स्वतंत्र सस्पेन्शनच्या पुढच्या चाकांत ॲक्सलच्या सांध्यांचे कोन तिरके होतात, रबरी बूट फाटतात, बॉल जॉइंट टोकाला टेकतात. कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंगच्या आसाचा मागे झुकलेला कोन, कमी झाला की गाडी महामार्गावर सरळ राहत नाही, सारखी दुरुस्त करावी लागते. तेव्हा वेगळे वरचे आर्म घालावे लागतात. स्ट्रटवर (स्प्रिंग आणि शॉकच्या जोडीवर) फक्त स्पेसर ठेवणारी स्वस्त लिफ्ट मी घेणार नाही. तिच्यात स्प्रिंग आणि शॉक तेच राहतात, आणि चाक पूर्ण लोंबकळलं की सांधा कारखान्याने ठरवलेल्या कोनाच्या पलीकडे जाऊ शकतो.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पुष्कळ जुन्या पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला जोडलेली एक दांडी असते. हौदा किती बसला यावरून ती मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवते. मागची बाजू उंचावली की तिला हौदा रिकामा वाटतो आणि भरल्या गाडीतही मागचे ब्रेक कमी लागतात. लिफ्टनंतर ही दांडी जुळवली का, हे गॅरेजमध्ये विचारा. उत्तर द्यायला मिस्त्री अडखळला तर काम दुसरीकडे न्या. नव्या गाड्यांत समोरच्या काचेवरचा कॅमेरा आणि रडार पुन्हा जुळवावे लागतात, नाहीतर आपोआप लागणारा ब्रेक चुकीच्या अंदाजावर चालतो.

आणि रिकामी पिकअप पुढे किंचित झुकलेली असते ती मुद्दाम. हौदा भरला की ती सपाट होते. फक्त पुढची बाजू उचलून गाडी रिकामी असताना सपाट केली, तर भरल्यावर नाक वर जातं आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांत.

बंपर, विंच, इंजिन, वीज

जनावरं आडवी येणाऱ्या रस्त्यावर रात्री चालवत असाल तर लोखंडी बंपरला अर्थ आहे. मॉडेलच्या एअरबॅगशी तपासून बनवलेलाच घ्या. त्याच्यासोबत विंच बसवली तर वरच्याच गाडीत, ॲक्सलच्या ०.८ मीटर पुढे ९० किलो म्हणजे पुढच्या ॲक्सलवर ११३ किलो. पुढच्या स्प्रिंगचा खर्च त्यातच धरा. विंचची क्षमता भरल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट असावी, आणि लिहिलेली क्षमता ड्रमवर दोराचा शेवटचा थर उरतो तेव्हाची असते. एकट्याने कधी रुतत नसाल तर विंचऐवजी ओढपट्टा आणि फावडं पुरतं.

टर्बो डिझेल इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद खरोखर वाढते. पण ती ताकद क्लच, गिअरबॉक्स आणि टर्बो यांच्या अंगावर जाते, एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि वॉरंटीचा दावा अडतो. ओझं घेऊन घाट चढणाऱ्याला तर ते सगळ्यात जास्त महागात पडतं. नुसता ‘परफॉर्मन्स’ एअरफिल्टर आजच्या टर्बो इंजिनात जाणवेल एवढा फरक पाडत नाही, आणि तेल लावायचा प्रकार असेल तर जास्तीचं तेल हवामापक सेन्सरवर बसतं. काजळीचा फिल्टर काढून टाकणं मी कुणालाही सुचवणार नाही. तो धूर आपल्याच मुलांच्या छातीत जातो, आणि अनेक देशांत ते बेकायदा आहे.

हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात एलईडी बल्ब टाकू नका. प्रकाश विखुरतो आणि समोरचा आंधळा होतो. जादा दिवे हवेच असतील तर स्वतंत्र बसवा. १०० वॉटचा दिवा १२ व्होल्टवर आठ अँपिअरच्या वर खेचतो, म्हणून रिले (जास्त प्रवाह पेलणारं स्विच) आणि बॅटरीच्या लगत फ्यूज लागतोच. दुसरी बॅटरी बसवताना अल्टरनेटर ‘स्मार्ट’ आहे का ते बघा. तो व्होल्टेज खालीवर करत राहतो, त्यामुळे साध्या रिलेने दुसरी बॅटरी पूर्ण भरत नाही, व्होल्टेज स्थिर ठेवणारा डीसी-डीसी चार्जर लागतो.

बसवताना आणि बसवल्यावर

एका वेळी एकच बदल करा आणि त्यानंतर हजारभर किलोमीटर चालवा. तीन गोष्टी एकदम केल्या आणि गाडी थरथरू लागली, तर दोष कुणाचा हे शोधण्यातच महिना जातो. कामाला देण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा, आणि तुमच्याकडचे नोंदणीचे नियम त्या बदलाला परवानगी देतात का ते वाचा. न सांगितलेला बदल अपघातानंतर दावा नाकारायला कारण ठरू शकतो.

मूळचे सुटे भाग भंगारात देऊ नका. प्रत्येक बोल्ट पिशवीत, पिशवीवर नाव, सगळं एका खोक्यात. माझे पाटे परत बसले ते असे ठेवले होते म्हणून. गाडी विकताना घेणाराही स्टॉक गाडीला किंवा स्टॉकवर परत नेता येणाऱ्या गाडीला जास्त बिनधास्त हात घालतो.

काम झाल्यावर अलाइनमेंट करून छापील आकडे घ्या. रात्री भिंतीसमोर उभं राहून दिव्यांची उंची जुळवा. ५० ते १०० किलोमीटरनंतर चाकांचे नट आणि सस्पेन्शनचे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा. शेवटी त्याच वजनकाट्यावर, तशीच टाकी भरून, आधी पुढची चाकं आणि मग मागची चाकं वेगवेगळी तोला, आणि ती पावती पहिल्या पावतीच्या शेजारी चिकटवा.